उसण भरली की

कंबर कधी शोभेलशा कामात धरत नाही. गव्हाचं पोतं उचलताना, कपाट सरकवताना ती निमूट साथ देते. मग एखाद्या सकाळी मोरीत पडलेली साबणाची वडी उचलायला वाकावं, कमरेत लख्खकन चमक निघावी आणि माणूस काटकोनात गोठावा. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ‘साबण उचलत होतो’ हे सांगावं लागणं, मला वाटतं, दुखण्याहून जड जातं.

बिचाऱ्या साबणाचा दोष नसतो, वेळेचा असतो. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती यामुळेच. टम्म फुगलेल्या चकतीला वाकणं सोसत नाही. म्हणून उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास कमरेतून वाकू नये. पण आपल्याकडे नळाला पाणी येतं ते त्याच अर्ध्या तासात, केरही तेव्हाच काढायचा असतो, आणि आरोग्याची हौस असलेले त्याच मुहूर्तावर पायाचे अंगठे धरायला जातात.

त्यात पाण्याचा वीस लिटरचा जार. कमरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात. जार हात लांब करून 50 सेंटिमीटर पुढे धरला, की तराजूच्या हिशेबाने स्नायूंना दहापट ओढावं लागतं : 20 किलोला 200 किलो. वाकलेल्या धडाचं वजन वेगळं, आणि धड हलकं असल्याचा आपला समज बहुधा चुकीचाच असतो. तोच जार पोटाशी कवटाळला तर अंतर निम्मं, ताणही निम्मा. गुडघ्यातून खाली बसायचं, जार छातीशी घ्यायचा, उठायचं आणि वळताना कंबर न पिळता पावलं वळवायची. शेजाऱ्याचा मुलगा घरी असेल तर यापेक्षाही सोपी पद्धत आहे.

उसण भरल्याची बातमी फुटली, की तज्ज्ञ जमतात. पहिला मान पायाळू माणसाचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असा जुना भरवसा. आता बाळ पायाळू दिसलं की बहुतेक ठिकाणी सिझेरियन करतात, त्यामुळे या तज्ज्ञांचा पुरवठा आटत चालला आहे. गुण येतो कसा? साधी उसण काही दिवसांत आपणहून ओसरू लागते आणि बहुतेकांची चार ते सहा आठवड्यांत बरीच आवरते. ओसरत असताना जो समोर येईल त्याला श्रेय. नुसता पाय लावला तर बिघडत नाही. मात्र हाडं ठिसूळ झालेल्या आजींना कुणी उत्साहाने लाथ घातली, तर मणका दबू शकतो. बिब्ब्याचं तेल चोळायला सांगणाऱ्यालाही चहा देऊन वाटेला लावावं. त्याने कातडी भाजून निघते, मग कमरेची आठवण राहत नाही एवढंच.

दुसरा गट ‘जमिनीवर झोप’ म्हणणाऱ्यांचा. 2003 साली स्पेनमध्ये 313 कंबरदुख्यांवर गाद्यांची परीक्षा झाली, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. शिवाय जमिनीवर झोपायला जमतं. उठायला दोन माणसं लागतात. उताणं झोपलात तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपलात तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. उठताना सरळ ताठ उठू नये. आधी अख्खं अंग ओंडक्यासारखं कुशीवर, मग पाय पलंगावरून खाली आणि त्याच वेळी हाताने गादी रेटून धड वर. शिंक आली तर भिंतीला किंवा टेबलाला हात टेकून पोट आवळावं. वाकून शिंकलात की पहिल्यापासून सुरुवात.

आणि पडून राहायचं ते फार तर दोन दिवस. त्यापुढे स्नायू आळसावतात, कंबर आणखी आखडते. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातल्या घरात फेरी मारावी. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवली की आखडलेले स्नायू सैलावतात. बाम चोळून त्यावर पिशवी ठेवायची नाही, फोड येतात. दुखणं थांबवणारी गोळी उपाशीपोटी नको. आणि मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

एमआरआयची घाई करणाऱ्यांना मी एक जुनी गोष्ट ऐकवतो. 1994 साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची किमान एक चकती फुगलेली निघाली. ती मंडळी मजेत होती. आपण मात्र रिपोर्ट हातात पडल्यापासून ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणत लग्नकार्यात खुर्ची शोधत फिरतो.

काही लक्षणांना मात्र शेक-बाम करत बसायचं नाही. लघवी अडकली किंवा नकळत झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, पाऊल उचलेना आणि चप्पल पायातून निसटू लागली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. ताप, घटतं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तर मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे; दोन दिवसांत डॉक्टर गाठा. पडल्या-झडल्यानंतर धरलेली कंबरही तशीच दाखवून घ्यावी.

बाकीच्यांसाठी, एकदा गेलेली उसण पुन्हा येऊ नये म्हणून सगळ्यांत स्वस्त इलाज चालण्याचा. 2024 साली ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेल्या अभ्यासात, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस 30 मिनिटं चालण्याच्या बेतावर असलेल्यांना पुढची कळ येईपर्यंत साधारण 208 दिवस मिळाले. न चालणाऱ्यांना 112. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालते. चहाच्या टपरीपर्यंत जाऊन तिथे पाऊण तास बसणं मात्र त्यात धरू नये. टपरीच्या बाकाला पाठ नसते.