प्रवाळ वर्षभरात परत उगवत नाहीत

आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या काकूंनी एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "दिनू, अंदमानले चाललाच आहेस तर एक तुकडा आणजो बाप्पा." फॉरवर्ड असा: 'प्रवाळ म्हणजे समुद्रातलं रोपटं. तोडलं की जोमानं फुटतं. एका रात्रीत कोट्यवधी अंडी, वर्षभरात खडक पुन्हा भरतो. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात विक्रमी वाढ झाली, ती लपवली जाते. तुकडा आणून देवघरात ठेवा, मंगळ शांत होतो.' हाच मजकूर गावातल्या शाळेच्या ग्रुपवरही फिरला. पोरं वाचताहेत, म्हणून उत्तर द्यावंच लागतं.

रोपटं? नाही. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, एवढाच त्याचा झाडाशी संबंध.

'वर्षभरात खडक भरतो' हे मात्र धादांत खोटं आहे. अंड्यांचं खरं, पुढचं कोणी सांगत नाही. अंड्यातून निघालेली अळी काही दिवस पाण्यात तरंगते. मग तिला टणक, स्वच्छ जागा लागते. एकदा चिकटली की हलता येत नाही. तेव्हा ती असते जेमतेम एक मिलिमीटरची. वर गाळ बसला की गुदमरते, शेवाळ वाढलं की झाकली जाते, शेवाळ खरवडणाऱ्या पोपटमाशाच्या तोंडी तीही जाते. बहुतेक पिल्लं पहिल्याच वर्षात मरतात. वाचली त्यांतलं पोरायटीस नावाचं गोलसर प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतं. अ‍ॅक्रोपोरा नावाचं फांद्यांचं प्रवाळ दहा सेंटिमीटरपर्यंत जातं, पण तेही स्वतः अंडी द्यायला काही वर्षं घेतं.

आणि अंडी देणारेच मेले तर? प्रवाळांचे अभ्यासक टेरी ह्यूज आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याचंच उत्तर छापलं. २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ पाणी तापलं आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या लांबलचक प्रवाळपट्ट्यावरचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात मेले. त्यानंतर खडकांवर पाट्या लावून, त्यांवर बसलेली पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. २०१८ मध्ये ती पूर्वीपेक्षा ८९ टक्के कमी भरली. आपल्याकडे पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी करता येते, कारण बियाणं कृषी केंद्रात मिळतं. तिथे बियाणं देणारेच गेले.

२०२२ चं खरं आहे, तेवढं मान्य करतो. ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेनं याच रीफच्या उत्तर आणि मध्य भागात ३६ वर्षांतलं सर्वाधिक प्रवाळ-आच्छादन, म्हणजे जिवंत प्रवाळानं झाकलेला खडकाचा भाग, नोंदवलं. लपवलं कोणी नाही, त्यांनीच जाहीर केलं. ती वाढ मुख्यतः भराभर वाढणाऱ्या अ‍ॅक्रोपोराची होती, आणि उष्णतेत आधी तेच मरतं. २०२४ च्या उष्णतेनंतर त्याच संस्थेनं उत्तर भागात सुमारे पाव आणि दक्षिण भागात तीस टक्क्यांच्या आसपास घट नोंदवली. फॉरवर्ड लिहिणारा २०२२ वरच थांबला.

आता तुकड्याचं. मंगळावर मी काकूंशी वाद घालणार नाही. पण अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, ते वेगळं. अंदमानचे खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या यादीत. शिक्षा किमान तीन वर्षं कैद. दिनू बायकापोरांसह विमानतळावर अडकला तर फॉरवर्ड करणारा सोडवायला येणार आहे का? किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडाही उचलू नकोस रे बाबा.

राहिलं 'तोडलं की जोमानं फुटतं'. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात प्रवाळाचे तुकडे चौकटींना बांधून वाढवतात, हे खरं. पण ते काम पाण्यातच चालतं, जाणकारांच्या हातून. पर्यटकानं मोडलेल्या प्रवाळाची ताकद आधी जखम भरण्यात जाते, आणि तेवढी अंडी कमी होतात.