सर्पगंधा घेऊन बीपीची गोळी सोडू नका
व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की रोज अर्धा चमचा सर्पगंधा पावडर घ्या, बीपीची गोळी बंद करा, जडीबुटी आहे म्हणून साईड इफेक्ट नाही. यातलं अर्धंच खरंय. सर्पगंधाने बीपी उतरतं, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्येच ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं होतं, आणि १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसरपिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं, त्याचीच पुढे गोळी झाली. म्हणजे हे औषधच आहे हो, तेही जोरदार! नाक चोंदतं, नाडी मंदावते, काहींना डिप्रेशन येतं. रेसरपिनच्या गोळीत ते पाव मिलिग्रॅम वगैरे मोजून घालतात, चमचाभर पावडरीत किती गेलं कसं कळणार? घरात कोणी सुरू केलं असेल तर प्लीज आजच डॉक्टरांना सांगा.