गवत तुमचं, बागा आमच्या जळतात

परत वणवा. परत त्याच कातळाच्या सड्यावरून, त्याच खाजगी जमिनीतून. बोंडं धरलेल्या काजूच्या बागा एका रात्रीत काळ्या पडल्या, एकाचा मांगर, म्हणजे बागेतलं घर, गेला, गुरांची गवताची उडवी गेली. जमिनीच्या वारसाला मुंबईत फोन केला, तर म्हणतो, "आग आम्ही लावली का?"

नाही लावलीत. पण छातीएवढं वाळलेलं गवत कोणाचं आहे? ठेकेदाराला झाडं विकलीत, त्याने खोडं ट्रकात भरली आणि शेंडे, फांद्या, पाला तिथेच टाकून गेला. ते सगळं उन्हात कडकडीत वाळलं. मग ठिणगी बिडीची असो, शिकाऱ्याची असो, विजेच्या तारांची असो, नाहीतर जाळल्यावर गवत चांगलं येतं म्हणून काडी ओढणाऱ्याची असो. पेटायला सरपण तुम्हीच रचून ठेवलंत!

तक्रार करायची कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात जवळपास सगळं जंगल खाजगी. १९२७ च्या वन कायद्यातली आगीची कलमं मुख्यतः राखीव आणि संरक्षित जंगलासाठी, त्यामुळे वनखातं म्हणतं आमची हद्द नाही. तलाठी पंचनामा करून जातो. बंब शहरातून निघणार, आणि आला तरी सड्यावर चढणार कुठून? फळपीक विम्यात पाऊस, वारा, तापमान मोजतात, वणवा नाही. जळालेलं काजूचं कलम पुन्हा उभं करायला किती वर्षं जातात ते बागायतदाराला विचारा.

आणि विझवतं कोण? वाडीतली म्हातारी माणसं आणि बायका, हातात पाल्याचे ओले टाळे घेऊन, धुरात खोकत. कोणी त्यात भाजून मेलं म्हणजे जाग येणार का?

डिसेंबरात, दव असतानाच, हद्दीच्या दगडी गडग्यालगत पंधरा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढायची. ग्रासकटर आणि दोन मजूर, एवढंच काम. आमच्या बाजूने आम्ही दरवर्षी काढतो. पण पलीकडे तसंच रान उभं असेल तर वाऱ्यावर ठिणग्या गडगा ओलांडतातच. सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं, मजुरी द्यायला एक पुढे येत नाही. जमीन विकायची म्हटली की सगळे गाड्या करून हजर!

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार. डिसेंबर संपेपर्यंत मालकाने जाळरेषा काढली नाही, तर पंचायतीने काढावी आणि पै न् पै त्याच्याकडून वसूल करावी. कोणाचे पाहुणे दुखावले तर दुखावू देत. आणि तोडीची परवानगी देणाऱ्यांनो, फांद्या-पाला उचलल्याशिवाय ठेकेदाराचा ट्रक गावाबाहेर सोडू नका.