सिकाडा पानं खात नाहीत, पण बोन्सायला जाळी लावा

झाडांवर बसून कर्कश ओरडणाऱ्या सिकाडा या कीटकांची किरकिर सुरू झाली की बागकाम करणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: 'सिकाडा टोळधाडीसारखे येतात. पानं फस्त करतात, रस शोषून झाड वाळवतात. बोन्साय तर आठवड्यात संपतं. दिसताक्षणी कीटकनाशक फवारा.' पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण खरं नुकसान कशाने होतं याचा त्या मेसेजमध्ये पत्ताच नाही.

'पानं फस्त करतात'

कशाने करणार? सिकाडाला चावायला जबडाच नाही. तो मावा, तुडतुडे, ढेकूण यांच्या गणातला, म्हणजे तोंडाच्या जागी सोंड. मला वाटतं, हा घोटाळा नावातून होतो. अनेकजण सिकाडाला सर्रास रातकिडा म्हणतात. रातकिडा वेगळा, त्याला जबडा असतो, तो कुरतडतो आणि बहुधा रात्री ओरडतो. सिकाडा भर दुपारी झाडावर बसून कान किटवतात. टोळांचंही तसंच. अमेरिकेत जाऊन वसलेल्या युरोपीय लोकांनी सिकाडांना टोळ म्हटलं आणि ती चूक तिथल्या बोलीत अजून टिकून आहे. पानाला भोकं दिसली तर पान उलटं करून बघा. अळी, भुंगेरा किंवा नाकतोडा, यांपैकी कुणीतरी सापडेल.

'रस शोषून झाड वाळवतात'

रस पितात हे खरं. पण मावा रसवाहिनीतला साखरेचा रस पितो, तर सिकाडा सोंड खुपसतो जलवाहिनीत. तिथे मुळांकडून वर चढणारं, क्षारांचा अंश असलेलं जवळजवळ पाणीच असतं. त्यातून पोट भरायचं तर ते भरपूर प्यावं लागतं आणि तेवढंच बाहेर टाकावं लागतं. झाडाखाली उभं राहिल्यावर अंगावर तुषार पडतात ते हेच.

पिल्लं जमिनीत मुळांना सोंड लावून वर्षानुवर्षं राहतात. बहुतेक जातींची दोन ते पाच वर्षं, तर पूर्व अमेरिकेतल्या ठरावीक काळाने उगवणाऱ्या जातींची १३ किंवा १७. तिथल्या काही जंगलांत एकरी १५ लाखांपर्यंत सिकाडा मोजले गेलेत. इतक्या सोंडा मुळांना इतकी वर्षं लागूनही वरचे जुने ओक उभेच आहेत.

मग फांद्या वाळतात त्या कशाने?

अंड्यांनी. मेसेजमध्ये नेमकी हीच गोष्ट नाही.

मादीच्या पोटाखाली करवतीसारखा अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालायचा अवयव असतो. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी तिला फार आवडते. बहुतेकदा खालच्या अंगाने ती सालीखालच्या लाकडापर्यंत चीर पाडते, त्यात अंडी ठेवते, थोडं पुढे सरकते, पुन्हा चीर. एका जागी साधारण वीस अंडी, आणि एक मादी सगळी मिळून काहीशे घालते. अशा फांदीवरून खालून बोट फिरवलं तर बोथट करवतीवरून फिरवल्यासारखं खरखरीत लागतं. प्रत्येक चिरेच्या तोंडाशी लाकडाचे तंतू जुन्या ब्रशासारखे पिंजून वर आलेले असतात.

चिरांची रांग लांबली की पुढचं पाणी तुटतं. शेंडा तपकिरी होऊन लोंबतो, किंवा वाऱ्याने तिथूनच मोडतो. मोठ्या झाडावर असे शंभर शेंडे वाळले तरी झाडाच्या दृष्टीने ती फुकटची छाटणी. दोन-तीन वर्षांच्या रोपाची गोष्ट निराळी. त्याचं खोडच पेन्सिलीएवढं असतं.

'बोन्साय आठवड्यात संपतं'

संपत नाही. पण याला उत्तर म्हणून जो उलटा मेसेज येतो, 'सिकाडा अगदी निरुपद्रवी, काळजीच नको', तोही मला तितकाच खटकतो. बोन्साय वयाने म्हातारं असलं तरी फांद्यांच्या जाडीने रोपच असतं. बागेतल्या झाडाच्या हजार फांद्यांतल्या वीस गेल्या तर कळतही नाही. बोन्सायच्या सात फांद्यांतली डावीकडची खालची गेली, तर दहा वर्षं तार बांधून, सोडून, पुन्हा बांधून घडवलेला तोल गेला. झाड जगतं, आकार जातो.

फांदी वाचली तरी काम संपत नाही. चिरा पडलेल्या जागी लाकूड कमकुवत होतं. बाहेरून साल जुळून आलेली दिसते, म्हणून आपण निर्धास्तपणे तार गुंडाळून वाकवायला जातो आणि फांदी नेमकी जुन्या चिरेवर काडकन तुटते. माझ्या हातून एक मेपल अशीच गेली. दोष सिकाडाचा नव्हता, घाई माझी होती. तेव्हापासून चिरा असलेल्या फांदीला दोन हंगाम तरी मी तार लावत नाही.

कोणत्या झाडांना जपायचं? मेपल, ओक, सफरचंद, चेरी अशी रुंद पानांची झाडं आधी. सूचिपर्णी झाडांवर अंडी घालण्याचं प्रमाण कमी, पण जुनिपर अगदीच सुटतो असं नाही.

'दिसताक्षणी फवारा'

आज मारले तर उद्या शेजारच्या झाडावरून नवे येतात. मादी चीर पाडून गेली असेल तर चीर फवाऱ्याने भरत नाही. मरतात त्या मधमाश्या, आणि विष लागलेले सिकाडा खाणाऱ्या पक्ष्यांनाही त्रास होतो.

जाळी लावा. भोकं एक सेंटीमीटरपेक्षा लहान हवीत. बोन्सायला साधी मच्छरदाणी उत्तम, कुंडीसकट गुंडाळून खाली बांधायची. फांद्यांना चिकटू द्यायची नाही, नाहीतर मादी बाहेर बसून आतल्या फांदीत अंडी घालते. बागेतल्या कोवळ्या झाडाची जाळी खोडाभोवती घट्ट बांधावी, कारण जमिनीतून निघालेले खोडावरूनच वर चढतात. मोठ्या भोकांची सैल जाळी टाळा, पक्षी अडकतात.

कधी लावायची हे सिकाडाच सांगतात. आवाज फक्त नर करतात, चिरा फक्त माद्या पाडतात, आणि बाहेर आल्यापासून अंडी घालेपर्यंत आठ-दहा दिवस मधे जातात. म्हणजे किरकिर ऐकू आली त्याच आठवड्यात जाळी चढली पाहिजे. पुढचे चार ते सहा आठवडे ती काढायची नाही. वेळ हुकली आणि चिरा दिसल्या, तर नको असलेल्या फांद्या तीनेक आठवड्यांत कापून नष्ट करा. अंडी सहा ते दहा आठवड्यांनी फुटतात आणि तांदळाच्या कणीएवढी पिल्लं खाली मातीत पडतात. कुंडीत पडली असतील तर पुढच्या वेळी माती बदलताना, मुळं विंचरताना हाताला लागतील.

राहिले मेलेले सिकाडा. बागेत पडले तर तिथेच राहू द्या, कुजून मातीला नत्र देतात. कुंडीतले मात्र उचला, दुसऱ्या दिवशीच वास मारायला लागतात.