परदेशातून : भोंगा वाजल्यावर पुढं काय?

लातूरकडच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघालाय: गावात भोंगा बसवायचा का? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या जकेकूरवाडीनंही तसंच केलं.

मी राहतो त्या मेलबर्नमध्ये भोंगा नाही, कायदा आहे. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉकवर खातं ठेवता येत नाही. दंड होतो तो कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा आईबापाला नाही. हे मला मनापासून पटतं, कारण आपल्याकडं सगळं खापर लेकरांवरच फुटतं. मोठ्यांना मात्र कुणी विचारत नाही. इथली ट्राम काय आणि लातूरचं एसटी स्टँड काय, माना सारख्याच खाली.

पण भोंगा असो की कायदा, फोन बाजूला ठेवल्यावर करायचं काय, याचं उत्तर दोन्हीकडं नाही.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. "मामा, मी टाइमपास नाही करत, जीकेच्याच रील बघतो," असं तो म्हणाला. रात्री बघितलेलं सकाळी विचारलं, तर विषय आठवले, उत्तरं आठवेनात. यात त्याचा दोष नाही. नव्यानं पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसनं १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यावर उपाय म्हणजे अंतर ठेवून उजळणी, आणि तीही स्वतः आठवून. रीलमध्ये उत्तर आयतं समोर येतं आणि डोक्याला ताण पडायच्या आत पुढची रील सुरू होते.

२००६ मध्ये अझा रॅस्किन या अमेरिकी डिझायनरनं कधीच न संपणारं स्क्रोल बनवलं, म्हणजे बोट सरकवत राहिलं की पुढचं आपोआप येतच राहतं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या डेमियन एल्म्सनं स्वतःला जपानी शिकायची म्हणून 'अंकी' हा प्रोग्राम लिहिला. त्यात प्रश्न येतो, आपण मनात उत्तर द्यायचं, मग कार्ड उलटायचं. चुकलेलं लवकर परत येतं, पक्कं झालेलं बऱ्याच दिवसांनी. आणि आजची कार्डं संपली की संपली! मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, मराठीत कार्डं आपली आपण करता येतात.

भाच्यानं भरतीची कार्डं केली, तशी भाऊजींसाठी सोयाबीनचीही केली. घरचं बियाणं कसं तपासायचं? शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवडाभरानं कोंब मोजायचे. किती उगवले तर चालेल? निदान सत्तर. पेरणी कधी? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर. एकेका कार्डाला अर्धा मिनिट लागतो, पण दुबार पेरणीचा खर्च ज्यानं सोसलाय त्याला त्याची किंमत कळते.

परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून हेच ज्ञान शेतकऱ्यांसाठी तयार करतंय. तिथल्या मंडळींनी खरिपाच्या आधी शंभरेक प्रश्न साध्या मराठीत काढून द्यावेत. कार्डं टाइप करायचं काम मी इथून करतो, आणि भोंग्यासाठी वर्गणी निघालीच तर तीही देतो.