मागनं आवाज येतोय? येऊ दे की!

सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात मागनं आवाज येणारच. घाबरू नका. पेढे वाटताना तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगून बसलाय, 'पार्टी गरजू होती, निम्म्यात सोडली.' तेव्हा आता रोगनिदान गाडीचं करायचं नसून तुमच्या अब्रूचं करायचं आहे. एकच पथ्य पाळा: निदानाचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाता कामा नये.

आधी जुन्या मालकाला फोन लावा. तो म्हणेल, "आमच्याकडं होती तवा असला काय आवाज नव्हता बघा." हे वाक्य जपून ठेवा. ट्रायल देताना त्यानं गाडी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या गर्दीतनं पंधराच्या स्पीडनं फिरवली होती, काचा वर आणि टेप फुल्ल, हे आता आठवून उपयोग नाही. तेव्हा तुम्हाला वाटलं, माणूस हौशी आहे.

डिकी मात्र उघडू नका. स्टेपनीचा बोल्ट ढिला असतो, जॅक मोकळा पडलेला असतो, पान्हा पत्र्यावर आपटत असतो. हे सगळं बाहेर काढून रंकाळ्याला एक फेरी मारली तर निम्मे आवाज तिथंच संपतात, आणि मग रविवारी बोलायचं कशावर? आम्ही तीन आठवडे धीर धरला. प्रत्येक वळणाला मागं 'ठाक' व्हायचं. शॉकअप्सर गेलाय यावर घरात एकमत झालं होतं. शेवटी सौ.नी भाजीची पिशवी ठेवायला डिकी उघडली, तर कोपऱ्यात जोतिबाचा गुलाल आणि वाळून टणक झालेला एक नारळ. डाव्या वळणाला तो उजवीकडं जायचा, उजव्या वळणाला परत यायचा. कुठल्या चैत्रातला होता, कुणास ठाऊक. जुन्या मालकाचा नवस आम्ही फुकटात वागवत होतो.

नारळ गेला, ठाक गेलं. मागची घूंऽऽ तेवढी राहिली.

आता मेस्त्रीकडं जायचा मोह होईल. आवरा. ज्या गावच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, तिथं आवाज ओळखायला मेस्त्री कशाला लागतो? मिसळीच्या टेबलावर चारजण बसले की झालं. आमच्या एका मित्रानं ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये चमचा आडवा धरला, स्लाइस म्हणजे चाकं, चमचा म्हणजे एक्सल, मधल्या जागी कांद्याचा तुकडा ठेवला आणि निकाल दिला, "भावा, क्राऊन-पिनियन गेलंय." गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. तिला मागं क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सल फिरवणारी दातेरी चाकं, नसतंच. ते जीपला, टेम्पोला, मागच्या चाकांना ताकद जाते त्या गाड्यांना. पण एवढ्या विश्वासानं बोलणाऱ्या माणसाला, तेही मिसळीचं बिल तो देणार असताना, कोण सांगणार? दुसरा म्हणाला ब्रेकचा लायनर. तिसरा म्हणाला सायलेन्सरचं रबर तुटलंय. रबर लगेच सर्वानुमते मंजूर झालं, कारण ते सगळ्यात स्वस्त.

नवं रबर बसवलं. सायलेन्सर छान घट्ट झाला. घूंऽऽ तशीच.

पुढच्या चाचण्या चुकूनही करू नका, कारण त्यांतनं खरं कळतं. तावडे हॉटेलवरनं हायवेला लागून किणी टोलनाक्याच्या दिशेनं जाऊ नका. गावात चाळीसला गप्प बसणारी घूं तिथं साठ-सत्तरला गाऊ लागते, आणि स्पीडबरोबर चढत जाते. रस्ता मोकळा असताना गिअर न्यूट्रल करून बघाल, तर आवाज तसाच राहतो. म्हणजे इंजिनावर ढकलायची सोय गेली. वळणावर वजन एका बाजूला गेलं की आवाज बदलतो, हेही ध्यानात येईल. डाव्या वळणाला वाढला तर संशय उजव्या चाकावर जातो. टायर वेडेवाकडे झिजले असले तरी अशीच घूं येते, म्हणून काही लोक मागचे टायर पुढं घालून बघतात. आवाज टायरबरोबर पुढं गेला तर सुटलात. आमचा गेला नाही. मागंच बसून राहिला, लग्नात रुसलेल्या आत्यासारखा.

तरीही कुणी जबरदस्तीनं मेस्त्रीकडं नेलंच, तर गाडी तिथं गप्प राहते याची खात्री बाळगा. गॅरेजच्या दारात उभी असलेली गाडी घूं करत नसते. आमचा मेस्त्री काही बोलला नाही. त्यानं मागचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, मग एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. डोळे मिटलेले. वैद्य नाडी बघतो तसं. मग माझा हात धरून स्प्रिंगवर ठेवला. आत बारीक वाळू दळल्यासारखी खरखर.

"बेरिंग," तो म्हणाला. "कधीपास्नं आवाज हाय?"

"आजच आला," मी म्हणालो. तुम्हीही हेच सांगा.

"आजच आलेलं बेरिंग असं दळत न्हाई सायेब. असंच पळवलं असतं तर चाक जाम झालं असतं न्हाईतर हबासकट डुललं असतं."

बघा, कसा घाबरवतात! अजून थोडं थांबलो असतो तर निदान आपोआप झालं असतं, तेही गगनबावड्याच्या घाटात, निसर्गाच्या सान्निध्यात. पण हात लावून बसल्यावर नाही म्हणता येईना. बेरिंग बदललं. शंभर रुपयांचं पथ्य तिथंच मोडलं. किती लागले ते गल्लीत विचारू नका, मी रबराचेच सांगितलेत.

आता गाडी गप्प आहे. इतकी गप्प की मागच्या सीटच्या लॉकची किरकिर ऐकू यायला लागलीय. तेव्हा ती विकायला काढलीय. रविवारी एकजण ट्रायलला येतोय. टेपला नवा पेनड्राइव्ह घेतलाय, लक्ष्मीपुरीचा रस्ता पाठ आहे, आणि आरशासमोर उभा राहून रोज एक वाक्य घोकतोय. 'आमच्याकडं होती तवा'पर्यंत झकास जमतं. शेवटच्या 'बघा'ला मात्र अजून त्याच्यासारखा निरागसपणा येत नाही.