व्हिनेगर-सोड्याचा फेस गालिच्यातली शू काढत नाही

कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांमध्ये एक नुस्खा फिरतोय: 'कार्पेटवर शू केली? व्हिनेगर शिंपडा, वर खाण्याचा सोडा टाका, फेस आला की ब्रशने खसाखसा घासा, गरम पाण्याने धुवा, शेवटी फिनेलचा हात फिरवा. वास गेला म्हणजे काम फत्ते.' यातली प्रत्येक पायरी तपासू या, कारण यातल्या काही गोष्टींनी गालिचा जातो आणि एका गोष्टीने मांजराच्या जिवाला धोका होतो.

'फेस डाग उकरून काढतो.' व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कधर्मी. एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो आणि उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम अ‍ॅसिटेट नावाचं क्षार. 5 टक्क्यांच्या 100 मिली व्हिनेगरमधलं सगळं आम्ल जेमतेम 7 ग्रॅम सोडा संपवतो, म्हणजे दीड लहान चमचा. फेस हा निव्वळ वायू आहे. हे दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर थोडा उपयोग होतो. जुन्या डागातला अमोनिया शमवायला व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून वापरा. सोडा मात्र गालिचा पूर्ण वाळल्यावर पसरा, रात्रभर ठेवा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या.

मांजराच्या लघवीचा उग्र दर्प यातल्या कशानेही जात नाही. त्यात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, खच्चीकरण न केलेल्या बोक्यात सर्वांत जास्त. ते हळूहळू विघटित होतं तसा वास वाढत जातो. दुसरीकडे जिवाणू युरियाचा अमोनिया करत असतात. म्हणून ताज्या शूपेक्षा चार दिवसांची शू जास्त घाण मारते. ('युरिक आम्लाचे स्फटिक' हे कारणही हमखास सांगितलं जातं. पण कुत्र्या-मांजरांचं यकृत बहुतेक युरिक आम्लाचं अ‍ॅलँटॉइन (पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ) करून टाकतं. डाल्मेशियन जातीचे कुत्रे हा त्यातला ठळक अपवाद.)

'ब्रशने घासा.' सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. 10 किलोचा कुत्रा दिवसाला साधारण 200 ते 400 मिली लघवी करतो, त्यामुळे एका वेळी अर्धा कप सहज होते. ती वरच्या धाग्यांवर थांबत नाही. खालच्या विणीत उतरते, मग फोमच्या पॅडमध्ये आडवी पसरते. वर तळहाताएवढा डाग दिसला तर खाली ताटलीएवढा असतो. घासल्याने ती आणखी आत जाते आणि धाग्यांचा पीळ सुटून तिथे कायमची लव उभी राहते.

घासू नका, टिपा. जुन्या टॉवेलची चार पदरी घडी ठेवून तिच्यावर उभे राहा, मिनिटभर पूर्ण वजन टाका, कोरडी बाजू फिरवा, पुन्हा उभे राहा. गालिचा उचलता येत असेल तर खालीही घडी सरकवा. कापड जवळपास कोरडं निघू लागलं की कपभर गार पाणी ओता आणि तसंच टिपा. असं दोन-तीनदा करा. डाग ताजा असेल तर निम्म्याहून जास्त काम इथेच होतं.

मग एन्झाइमवालं क्लीनर, म्हणजे लघवीतले घटक तोडणारी एन्झाइमं असलेलं. लोक ते अत्तरासारखं फवारतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणतात. जिथपर्यंत शू गेली तिथपर्यंत ते पोचायला हवं, म्हणून डागाच्या कडेपासून चार-पाच सेंटिमीटर बाहेरपर्यंत गच्च भिजेल इतकं ओता. वर प्लास्टिक अंथरा, कारण ते वाळलं की काम थांबतं. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. मुरलेल्या डागाला रात्रभर लागू शकते. नंतर टिपा आणि पंख्याखाली वाळवा. आधी फिनेल किंवा ब्लीच टाकलं असेल तर ही बाटली वाया जाते.

लोकरी किंवा रेशमी गालिच्याला ही पद्धत डोळे झाकून लावू नका. लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रथिनं आहेत. क्लीनरमध्ये प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) असेल तर ते धागाच खातं. भदोही-मिर्झापूरचा हातविणीचा गालिचा असेल तर गार पाणी, टिपणं आणि मग गालिचे धुणारा कारागीर. 'बांबू सिल्क' म्हणून विकला जाणारा व्हिस्कोस तर साध्या पाण्यानेही पिवळा पडतो, त्याला फक्त कोरडं टिपा.

सिंथेटिक, पक्क्या रंगाच्या कार्पेटवर पिवळेपणा उरलाच तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात '20 व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली मिळते, ती 6 टक्के असते; तेवढंच पाणी घालून 3 टक्के करा. आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावून पाहा. व्हिनेगरमध्ये मिसळू नका, त्वचा-डोळे जाळणारं पेरअ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. पातळ केलेलं बंद बाटलीत साठवूनही ठेवू नका.

'गरम पाण्याने धुवा.' उष्णतेने लघवीतली प्रथिनं गोठून धाग्याला धरून बसतात, लोकर आटते, आणि एन्झाइम टाकलं असेल तर तेही निकामी होतं. वाफेच्या मशीनबद्दलही हेच.

'शेवटी फिनेल.' मांजर असलेल्या घरात अजिबात नाही. फिनॉलसारखी रसायनं शरीराबाहेर टाकायला लागणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. ते त्या गालिच्यावर चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. क्लोरोझायलेनॉल असलेली (डेटॉलसारखी) जंतुनाशकंही यात आली. ब्लीचचं दुखणं वेगळं: लघवीतल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा वायू निघतो, डोळे-घसा जळतो, आणि लोकर तर ब्लीचमध्ये चक्क विरघळते.

'वास गेला म्हणजे काम फत्ते.' माणसाच्या नाकाला गेला. वाळलेले क्षार हवेतली ओल खेचतात, म्हणून मे महिन्यात निर्धास्त असलेलं घर जूनच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा दर्पतं. गालिचा पूर्ण वाळल्यावर अंधारात 365 ते 395 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च फिरवा. लघवी फिकट पिवळसर चमकते. निळसर चमक बहुधा डिटर्जंटची, तिला घाबरू नका. सगळं करूनही वास येत असेल तर कडा उचलून पॅड बघा. फोम पिवळा, कडक झाला असेल तर तो धुऊन सुधारत नाही. तेवढा तुकडा कापून नवा घाला आणि खालच्या फरशीचे सांधेही एन्झाइमने भिजवा.

शिकवलेलं जनावर अचानक घरात शू करू लागलं तर गालिच्याआधी त्याला बघा. बोका पुन्हापुन्हा बसून जोर लावतोय आणि थेंबच येतोय, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याला त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्याकडे न्या.